रायफलचा स्कोप आणि हिंगणघाटची कबर: विल्यम लॅम्बटनने चुका कशा मोजल्या?

मोरा बंदरात ओहोटीच्या वेळी लाँच लागायची पंचाईत होते, हे उरणकरांना वेगळं सांगायला नको. धक्क्यापाशी गाळ साचलाय, पाणी कमी पडतं, आणि भाऊच्या धक्क्याला जाणारे आपण सगळे भरतीची वाट बघत बसतो. मागच्या हिवाळ्यात मी असाच बसलो होतो. सोबत आत्येभाऊ होता. तो सध्या रायफल शूटिंग शिकतोय. समोर बघता बघता त्याने मला एक प्रश्न टाकला. शंभर मीटरवर स्कोप अगदी नीट लावलेला असतो, गोळी बरोब्बर मधोमध लागते. मग तोच स्कोप, तोच क्रॉसहेअर मध्यावर धरून तीनशे मीटरवर मारलं, तर गोळी दीड वीत खाली का जाते? स्कोप बिघडला का?

मी कोड लिहिणारा माणूस, बंदुकीतलं मला काय कळणार! पण धाकट्या भावाने दादा म्हणून विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. म्हणून शोधायला लागलो, आणि फिरत फिरत पोचलो थेट वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. तिथे एका माणसाची कबर आहे. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. त्याने रायफलचे स्कोप बनवले नाहीत. तो भारत मोजत होता. पण दुर्बीण, तिच्यातला क्रॉसहेअर, स्क्रूने होणारी बारीक हालचाल आणि लांबच्या खुणेवर धरलेला नेम, हे सगळं त्याचं रोजचं काम होतं. स्कोप कसा लावायचा हे त्याच्या आयुष्याच्या गोष्टीतून जितकं नीट कळतं, तितकं मला कुठल्याही मॅन्युअलमधून कळलं नाही. चला, सुरुवातीपासून बघू.

एक मिनिट म्हणजे किती?

आधी एक छोटंसं गणित. कोनाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक मिनिट. त्या मिनिटाचे साठ भाग केले की एक सेकंद. हे घड्याळातले मिनिट-सेकंद नव्हेत, कोनाचे.

मोऱ्याहून भाऊचा धक्का सरळ रेषेत साधारण दहा किलोमीटर आहे. आता इथून तुम्ही दुर्बीण तिकडच्या एखाद्या खांबावर रोखलीत आणि तुमचा कोन फक्त एका मिनिटाने चुकला, तर तिकडे नेम २.९ मीटरने बाजूला पडेल. म्हणजे खांब सोडून शेजारच्या होडीवर. तीच एका मिनिटाची चूक शंभर मीटरवर केलीत तर फरक पडतो २.९ सेंटीमीटर. चूक तीच, पण अंतर वाढलं की परिणाम त्याच प्रमाणात वाढतो.

म्हणूनच स्कोपवरचे आकडे सेंटीमीटरमध्ये नसतात, कोनात असतात. काही स्कोपचं एक क्लिक म्हणजे पाव मिनिट. शंभर मीटरवर त्याने गोळी साधारण ७ मिलीमीटर सरकते. काही स्कोप मिलमध्ये असतात. एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग, शंभर मीटरवर १० सेंटीमीटर. अशा स्कोपचं एक क्लिक बहुतेक वेळा ०.१ मिल असतं, म्हणजे शंभर मीटरवर १ सेंटीमीटर, दोनशेवर २, तीनशेवर ३. आपल्याला मेट्रिकची सवय असल्यामुळे मिलचा हिशेब सोपा जातो.

लॅम्बटनचं काम पन्नास-पन्नास किलोमीटरवरच्या डोंगरांवर नेम धरायचं होतं. तिथे एक मिनिट चुकलं तर साडेचौदा मीटरची चूक. त्यामुळे त्याला मिनिट परवडत नव्हतं. त्याला सेकंद हवे होते. पन्नास किलोमीटरवर एक सेकंद म्हणजे २४ सेंटीमीटर.

एका डोळ्याचा सैनिक

लॅम्बटनचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यात, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातला. घर साधं, नॉर्थॲलर्टन गावाजवळचं. शाळेत गणितात हुशार होता. १७८१ मध्ये तो सैन्यात एन्साइन झाला, म्हणजे अधिकाऱ्यांतला सगळ्यांत खालचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढायला गेला आणि यॉर्कटाउनला ब्रिटिशांनी शरणागती पत्करली तेव्हा कैदी झाला. सुटल्यावर बरीच वर्षं कॅनडाकडच्या न्यू ब्रन्सविकमध्ये काढली. तिथे जमीन मोजण्याचं काम केलं, गणिताची आणि भूमापनाची पुस्तकं वाचली. तिकडेच सूर्यग्रहण बघताना त्याच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली. पुढे सगळं आयुष्य दुर्बिणीला डोळा लावून काढायचं होतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे चांगला डोळा एकच उरला होता.

१७९० च्या दशकात त्याची ३३ वी रेजिमेंट भारतात आली. तिचा कर्नल होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध आणि वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढलेला तोच वेलिंग्टन. १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणवर चाल झाली, तेव्हा एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात भलत्याच दिशेने, शत्रूच्या छावणीकडे चालली होती. लॅम्बटनने ताऱ्यांकडे बघून ओळखलं की दिशा उलटी आहे, आणि तुकडी वेळेत मागे वळली. वयाने प्रौढ, बढतीत मागे पडलेला हा अधिकारी त्या मोहिमेनंतर वरिष्ठांच्या डोळ्यांत भरला.

म्हैसूर पडल्यावर त्याने एक योजना मांडली. मद्रासच्या किनाऱ्यापासून मलबारच्या किनाऱ्यापर्यंत दक्षिण भारत त्रिकोणांच्या जाळ्याने मोजायचा, आणि त्याच कामातून पृथ्वीचा आकारही काढायचा. मद्रासच्या कारभाऱ्यांपैकी एकाला हे सगळं वायफळ वाटलं. श्रीरंगपट्टणला जायचं तर पालखीच्या भोयांना सांगितलं की ते नेतात, त्याला नकाशा कशाला, असा त्याचा सूर होता. पण वेलस्लीने पाठिंबा दिला आणि १८०० मध्ये मंजुरी मिळाली. कंपनी सरकारला यात विज्ञानापेक्षा सारावसुली आणि सैन्याची हालचाल जास्त दिसत होती, हेही खरंच.

आधी अंतर, मग नेम

त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन माहीत असले की बाकीच्या दोन्ही बाजू गणिताने निघतात. शाळेत शिकलेला साइनचा नियम. म्हणजे जमिनीवर फक्त एक रेघ प्रत्यक्ष मोजायची, पुढचं सगळं दुर्बिणीने. पण ती पहिली रेघ चुकली तर पुढचा प्रत्येक त्रिकोण चुकणार. सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळेल. बेस केसच चुकीची असेल तर वरचं लॉजिक कितीही सुंदर असून उपयोग नाही.

१० एप्रिल १८०२ ला लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी ही पहिली रेघ मोजायला घेतली. लांबी साधारण साडेसात मैल. साधन होतं शंभर फुटांची एक पोलादी साखळी, अडीच-अडीच फुटांचे चाळीस दुवे असलेली. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजर करायला इंग्लंडहून नेली होती. त्याने ती घेतली नाही, म्हणून ती भारतात आली.

चारशे वेळा साखळी टाकायची. पोलाद उन्हाने लांबतं. तापमान १० अंशांनी वाढलं तर शंभर फुटांची साखळी साधारण साडेतीन मिलीमीटर वाढते. ऐकायला काहीच नाही. पण चारशेने गुणा, जवळजवळ १.४ मीटर झाले. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत आधार देऊन ताणली जायची, सावलीत ठेवली जायची, शेजारी थर्मामीटर असायचे, आणि प्रत्येक वेळचं तापमान लिहून घेतलं जायचं. साखळीने लांबू नये असा हट्ट त्याने धरला नाही. ती किती लांबली याची नोंद ठेवली आणि हिशेबात वजा केली.

स्कोप लावतानाची पहिली पायरी हीच आहे. झिरो करणं म्हणजे एका ठरावीक, नीट मोजलेल्या अंतरावर गोळी आणि क्रॉसहेअर एकाच जागी आणणं. ते अंतर शंभर मीटर म्हणता म्हणता प्रत्यक्षात एकशेआठ असेल, तर पुढची सगळी क्लिकं त्या आठ मीटरच्या थापेवर उभी राहणार.

अर्ध्या टनाची दुर्बीण

कोन मोजायचं यंत्र म्हणजे थिओडोलाइट. सिव्हिलच्या मुलांनी सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला उन्हात उभं राहून वापरलेलं तेच. लॅम्बटनचा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरीने बनवला होता. वजन जवळजवळ अर्धा टन. त्याची आडवी चकती तीन फूट व्यासाची, तिच्यावर अंशांच्या बारीक रेघा, आणि त्या वाचायला सूक्ष्मदर्शक. समुद्रातून येताना तो फ्रेंचांनी पकडला, मॉरिशसला नेला, आणि हे शस्त्र नसून विज्ञानाचं यंत्र आहे असं कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने तो सन्मानाने मद्रासला पाठवून दिला. दोन्ही देश तेव्हा एकमेकांशी लढत होते!

या दुर्बिणीत नेम धरायला क्रॉसहेअर होता. ही युक्ती त्याच्याही आधी दीडशे वर्षांची. १६४० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या विल्यम गॅस्कॉइनला त्याच्या दुर्बिणीत कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा दिसला, आणि तो लांबच्या वस्तूइतकाच स्पष्ट दिसत होता. त्याच्या लक्षात आलं की भिंगाने जिथे प्रतिमा तयार होते नेमकं तिथेच काही ठेवलं, तर ते आणि वस्तू दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. मग त्याने स्क्रूने सरकणाऱ्या खुणा त्या जागी बसवल्या आणि बारीक कोन मोजायला लागला. आजच्या स्कोपचा क्रॉसहेअर आणि टरेटचा स्क्रू, दोघांचंही मूळ इथे आहे.

लॅम्बटनच्या दुर्बिणीतून जग उलटं दिसायचं, डोकं खाली आणि पाय वर. भिंगाने होणारी प्रतिमा उलटीच असते, आणि मोजणीवाल्याला त्याचं काही वाटत नाही. शूटरला मात्र ते चालणार नाही. म्हणून रायफलच्या स्कोपमध्ये आत आणखी एक छोटी नळी असते. तिच्यातली भिंगं प्रतिमा पुन्हा सुलटी करतात. तिला इरेक्टर ट्यूब म्हणतात.

आता गंमत बघा. तुम्ही स्कोपच्या वरचं किंवा बाजूचं बटण, म्हणजे टरेट, टिक-टिक करत फिरवता तेव्हा बाहेरची नळी हलत नाही. टरेटचा स्क्रू आतल्या इरेक्टर ट्यूबला ढकलतो, आणि समोरून एक स्प्रिंग तिला परत दाबून धरते. वरच्या टरेटने ती वर-खाली सरकते, बाजूच्या टरेटने डावी-उजवी. सरकते ती मिलीमीटरच्या बारीक अंशाने, पण तेवढ्याने क्रॉसहेअर तीनशे मीटरवर तीन सेंटीमीटर सरकतो. जग सुलटं दाखवणारा भाग आणि नेम बदलणारा भाग एकच!

आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. गॅस्कॉइनचा धागा प्रतिमेच्या नेमक्या जागी होता म्हणून स्थिर दिसला. तो थोडा पुढे-मागे असता, तर डोळा हलवला की धागा वस्तूवरून सरकल्यासारखा वाटला असता. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. लांबच्या आणि जवळच्या वस्तूची प्रतिमा वेगवेगळ्या जागी पडते, म्हणून अंतर बदललं की हाही बदलतो. बऱ्याच स्कोपला त्यासाठी बाजूला वेगळं बटण असतं.

गोळी सरळ जात नाही, प्रकाशही नाही

आता आत्येभावाच्या प्रश्नाकडे येऊ. स्कोपमधून आपण बघतो ती रेष सरळ असते. गोळी मात्र बॅरलमधून बाहेर पडल्या क्षणापासून खाली पडत असते. शिवाय स्कोप बॅरलच्या वर बसवलेला असतो. म्हणून बॅरल किंचित वर रोखलेली ठेवावी लागते, म्हणजे गोळी वर चढून बघण्याच्या रेषेला गाठते. झिरो म्हणजे या दोन रेषा जिथे भेटतात ते अंतर. त्याच्या पलीकडे गोळी खालीच जाणार. स्कोप बिघडलेला नसतो.

आकड्यांत बघू. गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर, स्कोप बॅरलपेक्षा ५ सेंटीमीटर वर, झिरो १०० मीटरला, आणि सोपं पडावं म्हणून हवेचा विरोध धरायचाच नाही असं मानू. गुरुत्वाकर्षणाने गोळी १०० मीटरपर्यंत सुमारे ८ सेंटीमीटर पडते, २०० पर्यंत ३१, ३०० पर्यंत ६९. हिशेब केला तर २०० मीटरवर गोळी क्रॉसहेअरच्या साधारण १० सेंटीमीटर खाली लागते, म्हणजे ०.१ मिलची ५ क्लिकं. ३०० मीटरवर ती ३६ सेंटीमीटर खाली लागते, म्हणजे १२ क्लिकं. हीच ती दीड वीत.

लक्षात घ्या, झिरोपासून अंतर दुप्पट पुढे गेलं तर क्लिकं दुप्पट होत नाहीत, जास्तच वाढतात. प्रत्यक्षात हवा गोळीला मागे खेचते, त्यामुळे क्लिकं याहूनही जास्त लागतात. किती जास्त, ते गोळीच्या आकारावर, वेगावर, त्या दिवसाच्या हवेवर ठरतं. म्हणून दुसऱ्याचा तक्ता जसाच्या तसा आपल्या रायफलला लागू होत नाही.

लॅम्बटनचा शत्रू गुरुत्वाकर्षण नव्हता, पण त्याचा प्रकाशही सरळ येत नव्हता. जमिनीलगतची हवा वेगवेगळ्या थरांत कमी-जास्त घट्ट असते, आणि तिच्यातून येणारा किरण वाकतो. त्यामुळे लांबचा डोंगर असतो त्यापेक्षा थोडा वर दिसतो. त्यात पृथ्वीची गोलाई वेगळीच. लॅम्बटनने उभे कोन मोजून हा वाक किती येतो याचा हिशेब काढला आणि तोही वजा करायला सुरुवात केली. दुपारच्या उन्हात मोऱ्याहून समोर बघितलं की पलीकडच्या इमारतींचे पाय पाण्यासारखे थरथरताना दिसतात ना? तेच रेंजवर टार्गेटच्या बाबतीत होतं. तेव्हा टार्गेट दिसतं एकीकडे आणि असतं किंचित दुसरीकडे. अशा वेळी मिळालेल्या गटावर स्कोप हलवायची घाई करू नये.

या पद्धतीने लॅम्बटनने काय साधलं? मद्रासपासून त्रिकोण जोडत तो बंगळूरला आला आणि १८०४ मध्ये तिथे दुसरी रेघ साखळीने मोजून घेतली. त्रिकोणांतून काढलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत काही इंचांचाच फरक निघाला. पुढे मंगळूरपर्यंत पोचल्यावर कळलं की जुन्या नकाशांत द्वीपकल्पाची ४०० मैल दाखवलेली रुंदी खरी ३६० मैलांच्या आसपास आहे. चाळीस मैल जमीन नुसती कागदावर होती.

तंजावर, १८०८

उत्तर-दक्षिण मोजणी करताना लॅम्बटन कावेरीच्या खोऱ्यात उतरला. सपाट भातशेती, ताडामाडांची गर्दी, डोंगर एकही नाही. दुर्बीण न्यायची कुठे? तर मंदिरांच्या शिखरांवर. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर साठ मीटरहून उंच. त्या वेळी तंजावरच्या गादीवर भोसले घराण्यातले दुसरे सरफोजी राजे होते, आणि याच मंदिराच्या भिंतीवर त्यांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला होता.

थिओडोलाइट दोरांनी वर चढवत असताना एक दोर तुटला. अर्ध्या टनाचं यंत्र भिंतीवर आदळलं. चकतीला मार बसला, ती वाकली. सेकंदापर्यंत कोन सांगणारी चकती आता गोलच राहिली नव्हती.

विचार करा. जवळजवळ सहा वर्षांचं काम मागे, त्याहून जास्त पुढे. नवं यंत्र इंग्लंडहून यायला किती काळ जाणार याचा नेम नाही. काम असंच रेटलं असतं, तर नकाशे निघालेच असते, आणि चूक लगेच कुणाला दिसलीही नसती. लॅम्बटनने ते केलं नाही. तो तंबूत शिरला आणि मुख्य कारागिराशिवाय कुणाला आत येऊ देईना. यंत्र पूर्ण सुटं केलं. एका मोठ्या सपाट फळीवर चकतीचा मूळ आकार जेवढा होता तेवढंच वर्तुळ आखलं. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेली कडा हळूहळू त्या वर्तुळापर्यंत ओढत आणली. वाकलेले आरे लाकडी हातोडीने ठोकून ठोकून सरळ केले. सहा आठवडे हे चाललं. शेवटी यंत्र मूळच्या आकाराच्या अगदी जवळ आलं.

जवळ आलं, तंतोतंत नव्हे. मग अशा यंत्रावर भरवसा कसा ठेवायचा? एकच कोन पुन्हा पुन्हा मोजून, आणि सगळ्यांची सरासरी काढून. एका वाचनात चूक असेल, पण खूप वाचनं घेतली की इकडच्या-तिकडच्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खातात. आणि अधूनमधून नवी रेघ साखळीने मोजून सगळं पडताळायचं. त्रिकोण काय म्हणतात ते एकीकडे, जमीन काय म्हणते ते दुसरीकडे.

मला या माणसाबद्दल सगळ्यांत आवडलेली गोष्ट ही. आपलं यंत्र निर्दोष आहे असं त्याने कधी धरलं नाही. आधी चूक असणारच असं मानलं, मग ती किती आहे हे मोजलं, लिहिलं, आणि वजा केली.

स्कोप लावताना लॅम्बटनची पद्धत

आता हीच पद्धत रेंजवर, प्रशिक्षकासोबत वापरून बघा.

१. अंतर खरं मोजा. रेंजवर लिहिलेलं असेल तर ठीक, नाहीतर लेझर रेंजफाइंडरने खात्री करा.

२. आधी आयपीस फिरवून क्रॉसहेअर ठळक करा, मग पॅरॅलॅक्सचं बटण. तपासायची युक्ती थिओडोलाइटवालीच. रायफल टेकूवर स्थिर ठेवा, हात न लावता डोकं जरा इकडे-तिकडे करा. क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकत असेल तर अजून जमलेलं नाही.

३. एका गोळीवर स्कोप हलवू नका. तीन ते पाच गोळ्या एकाच नेमाने मारा. त्या गटाचा मध्य शोधा आणि तो किती सरकवायचा ते मोजा. शंभर मीटरवर मध्य ४ सेंटीमीटर खाली आणि २ सेंटीमीटर उजवीकडे असेल, तर ०.१ मिलच्या स्कोपवर ४ क्लिकं वर आणि २ डावीकडे. टरेटवरचा बाण गोळी कुठे सरकणार ते दाखवतो.

४. पुन्हा गट मारा. मध्य जुळला की टरेटची पट्टी शून्यावर आणून ठेवा. हा तुमचा झिरो. तारीख, काडतूस आणि तापमान लिहा. दारूचं तापमान बदललं की गोळीचा वेगही थोडा बदलतो, अगदी साखळीसारखं.

५. दीडशे, दोनशे, तीनशे अशा प्रत्येक अंतरावर स्वतः मारून किती क्लिकं लागली ते वहीत उतरवा. ॲप चांगली आहेत, अंदाज नीट देतात. पण ॲप म्हणजे त्रिकोण, टार्गेट म्हणजे जमीन. पडताळणी जमिनीवरच होते.

६. टरेट वीस क्लिकं वर न्या, परत वीस खाली आणा, आणि पुन्हा गट मारा. गोळ्या जुन्याच जागी आल्या तर स्कोप विश्वासाचा. नाही आल्या, तर आत स्क्रू किंवा स्प्रिंग नीट धरत नाही.

७. काम झालं की शून्यावर परत. तीनशेची १२ क्लिकं तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी शंभरवर मारणं, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

जाता जाता एक. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं, तेव्हा अनेकांना वाटलं त्याच्या रायफलवर स्कोप असणार. त्या प्रकारात मोठं करून दाखवणारा स्कोप चालत नाही. बारीक छिद्रातून बघायची डायॉप्टर साइट असते. पण तिलाही वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायची क्लिकं असतात, आणि गटाचा मध्य बघून ती फिरवायचा नियमही हाच.

हिंगणघाट

मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली. कन्याकुमारीपासून निघालेली त्रिकोणांची माळ कर्नाटक, हैदराबाद संस्थान ओलांडून वर आली. हे सोपं नव्हतं. ताप, जंगल, पाऊस, आणि उंचावरची दुर्बीण आपल्या घरांकडे, बायकांकडे वळते असा लोकांचा संशय. झेंडे धरून दिवसदिवस डोंगरावर उभे राहणारे, यंत्र खांद्यावर वाहणारे शेकडो भारतीय होते. त्यातल्या बहुतेकांची नावं कुठेच उरली नाहीत.

१८१७ मध्ये लॅम्बटन रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८१८ मध्ये त्याचं खातं थेट गव्हर्नर जनरलच्या सरकारकडे गेलं आणि त्याला ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं. त्याच वर्षी एक तरुण मदतनीस नेमला गेला, जॉर्ज एव्हरेस्ट. तंजावरच्या दुरुस्तीचा तपशील आपल्याला कळतो तोही एव्हरेस्टने लिहून ठेवला म्हणून.

लॅम्बटन तोवर सत्तरीच्या आसपास आला होता. क्षयाने खोकत होता, तरी थांबायला तयार नव्हता. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवताना वाटेत, २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला तो गेला. कबरही तिथेच आहे.

काम एव्हरेस्टने पुढे नेलं. त्याने अनेक गोष्टी बदलल्या. दिवसा झेंड्यांऐवजी रात्री दिवे वापरले, यंत्रं नवी केली, जुनी मोजणीही तपासून काही भाग परत केला. १८४१ मध्ये ही माळ डेहराडूनजवळ पोचली, साधारण २४०० किलोमीटर. त्याच जाळ्यावर उभं राहून पुढे हिमालयाची शिखरं मोजली गेली, आणि १८५२ मध्ये राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून सगळ्यांत उंच शिखर कुठलं ते कळलं. त्या शिखराला एव्हरेस्टचं नाव लागलं. लॅम्बटनचं नाव कुठल्या डोंगराला लागलं नाही. पण तंजावरला आपटलेला त्याचा थिओडोलाइट डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाकडे जपून ठेवलेला आहे.

तेव्हा आत्येभावाला मी एवढंच सांगितलं. तीनशे मीटरवर गोळी खाली गेली म्हणून स्कोपवर चिडू नकोस. किती खाली गेली ते मोज आणि वहीत लिही. पुढच्या रविवारी तो चार पानं भरून घेऊन आला. त्याच्या रायफलला तीनशेला बारा नाही, चौदा क्लिकं लागली. माझ्या हिशेबात हवा धरलेली नव्हती. वहीत चौदा लिहिलंय, तेच खरं.